४२९४९६७२९७ ही संख्या मूळ आहे का, आणि तिचे गुणधर्म कसे शोधावेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ४२९४९६७२९७ या दहा अंकी संख्येला आपण ५०० पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहिले आणि एकदाही निःशेष भाग गेला नाही. त्यानंतर संगणकाच्या मदतीने २ चा ४२९४९६७२९६ वा घात घेऊन त्याला या संख्येने भागले असता किती बाकी उरते ते पाहिले, आणि ती १ आली. एवढ्यावरून ही संख्या मूळ मानावी का, आणि अशा मोठ्या संख्येचे कोणते गुणधर्म पाहण्याजोगे असतात, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

ही संख्या मूळ नाही. ती ६४१ आणि ६७००४१७ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. आपण केलेली दोन्ही गणिते बरोबर आहेत, त्यांत चूक कोठेही नाही; परंतु या विशिष्ट संख्येच्या बाबतीत पहिल्या तपासणीतला बहुतेक सगळा भाग अनावश्यक होता आणि दुसरीचे उत्तर आधीपासूनच ठरलेले होते. दोन्हींचे कारण एकच आहे, ते म्हणजे या संख्येची घडण. म्हणून मी उत्तराची सुरुवात तेथूनच करतो. पुढे २^३२ असे लिहिले असेल तेथे २ चा ३२ वा घात असे वाचावे.

मोठी संख्या हाती आली की तिचे अंक न्याहाळण्याआधी तिच्या शेजारच्या संख्या पाहाव्यात, अशी माझी पद्धत आहे. येथे एक वजा केला की ४२९४९६७२९६ मिळते, आणि ती ६५५३६ चा वर्ग, म्हणजेच २^३२ आहे. तेव्हा आपली संख्या २^३२ + १ अशी आहे. द्विमान पद्धतीत ती लिहिली तर सुरुवातीला १, मग सलग एकतीस शून्ये आणि शेवटी पुन्हा १ असे तिचे रूप दिसते. दशमान अंकांत ही घडण पूर्णपणे झाकली जाते. ४, २, ९, ४ हे अंक पाहून कोणालाही तिचा संशय येणार नाही. ज्या संख्या २ च्या अशा घातात १ मिळवून तयार होतात, की ज्याचा घातांक स्वतःच २ चा घात असतो, त्यांना फर्मा संख्या म्हणतात. ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या त्यांतल्या पहिल्या पाच, आणि क्रमांक शून्यापासून मोजण्याचा प्रघात असल्यामुळे आपली संख्या ही पाचव्या क्रमांकाची फर्मा संख्या ठरते.

पहिल्या पाचही संख्या मूळ आहेत. १६४० च्या सुमारास प्येर द फर्मा यांनी पत्रांतून असे मत मांडले होते की या रूपाच्या सर्वच संख्या मूळ असाव्यात, मात्र त्याची सिद्धता आपल्यापाशी नाही हेही त्यांनी सांगितले होते. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख यांनी पत्र लिहून हा प्रश्न लिओनार्ड ऑयलर यांच्यापुढे ठेवला, आणि १७३२ मध्ये ऑयलर यांनी ६४१ हा विभाजक दाखवून ते मत खोडून काढले. तेव्हा आपण ज्या संख्येवर अडलात, त्याच संख्येवर जवळजवळ शंभर वर्षे गणिती अडलेले होते, हे ध्यानात घ्यावे.

ऑयलर यांनी ६४१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या एकामागून एक तपासण्याची गरज का पडली नाही, हे समजून घेण्याजोगे आहे. समजा, प ही एक मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. मग २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१ उरली पाहिजे, आणि वर्ग केल्यावर २^६४ ची बाकी १ आली पाहिजे. २ चे घात एकामागून एक घेत प ने भागत गेलो तर बाक्यांचे एक चक्र फिरते. वरील दोन गोष्टींवरून त्या चक्राची लांबी ६४ ला भागते पण ३२ ला भागत नाही, म्हणजे ती नेमकी ६४ आहे. दुसरीकडे, फर्मा यांच्याच छोट्या सिद्धांतानुसार (तो पुढे दिला आहे) ही लांबी प − १ ला भागलीच पाहिजे. म्हणून प ही संख्या ६४ च्या पटीत १ मिळवून येणारीच असू शकते. अशा मूळ संख्या चढत्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा आहेत. पाचवीच संख्या विभाजक निघते.

आता आपल्या पहिल्या तपासणीकडे पाहू. ५०० पर्यंत ९५ मूळ संख्या आहेत आणि त्यांतल्या १९३, २५७ आणि ४४९ या तीनच या रूपाच्या आहेत. उरलेल्या ९२ भागाकारांना भाग जाणार नाही हे आधीच ठाऊक होते. १८७८ मध्ये एदुआर ल्युका यांनी ही अट आणखी कडक केली: विभाजक ६४ च्या नव्हे, तर १२८ च्या पटीहून १ ने अधिक असला पाहिजे. कारण प ला ८ ने भागल्यास बाकी १ उरते, अशा वेळी २ ही संख्या प च्या संदर्भात एखाद्या संख्येच्या वर्गाशी समशेष असते, म्हणजे प ने भागल्यास दोघांची बाकी सारखीच येते, आणि त्या वर्गमूळाच्या घातांचे चक्र ६४ च्या दुप्पट, म्हणजे १२८ लांबीचे होते. ही अट लावल्यावर १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढेच उमेदवार उरतात; त्यांपैकी १२९, ३८५ आणि ५१३ संयुक्त आहेत, आणि २५७ ही स्वतः फर्मा संख्या असल्यामुळे बाद होते. ती बाद का होते ते पुढे सांगतो. म्हणजे खरा पहिला उमेदवार ६४१ हाच आहे.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही दाखवता येते, आणि ती सिद्धता मला फार आवडते. ६४१ ही संख्या दोन तऱ्हांनी लिहा: ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६. पहिल्या रूपावरून ५ × २^७ ची ६४१ ने भागल्यावरची बाकी −१ आहे. तिचा चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १ होते. दुसऱ्या रूपावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येते. तसे केले की −२^३२ ची बाकी १ मिळते, अर्थात २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. संपूर्ण दहा अंकी संख्या कागदावर एकदाही लिहावी लागली नाही.

दुसरा अवयव ६७००४१७ मूळ आहे हे सिद्ध करण्याचे काम पुष्कळदा वगळले जाते, आणि ते वगळू नये. त्याचे वर्गमूळ सुमारे २५८८ आहे. त्याचा कोणताही मूळ विभाजक मूळच्या संख्येचाही विभाजक असणार, म्हणून ल्युका यांची अट त्यालाही लागू पडते. २५८८ च्या आत १२८ च्या पटीहून १ ने अधिक अशा वीस संख्या आहेत आणि त्यांपैकी मूळ फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. या पाचांनी ६७००४१७ ला भागल्यास अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ अशा बाक्या उरतात. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ आहे. घडण ठाऊक नसती तर २५८८ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी, म्हणजे तीनशेहून अधिक वेळा भागून पाहावे लागले असते. येथे पाच भागाकारांत काम संपले.

आता आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळतो. फर्मा यांचा छोटा सिद्धांत सांगतो की प मूळ असेल आणि पाया म्हणून घेतलेल्या संख्येला प ने भाग जात नसेल, तर त्या पायाचा प − १ वा घात प ने भागल्यास बाकी १ उरते. बाकी १ सोडून दुसरी काही आली तर संख्या संयुक्त आहे हे निश्चित होते. बाकी १ आली तर मात्र काहीच निश्चित होत नाही, कारण सिद्धांताचा व्यत्यास खरा नाही. हे आपल्याला ठाऊक असेलच. तरीही व्यवहारात अशी बाकी आली की संख्या बहुधा मूळ आहे असे समजून पुढे जाण्याची सवय असते, आणि स्वैरपणे निवडलेल्या मोठ्या संख्येच्या बाबतीत ती सवय सहसा दगा देत नाही.

येथे दगा दिला, कारण पाया २ होता. आपली संख्या २^३२ + १ आहे, तेव्हा २^३२ ला तिने भागल्यास बाकी −१ येते ही गोष्ट संख्येच्या व्याख्येतच आहे. वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता तपासणीत घ्यायचा घातांक ४२९४९६७२९६ आहे आणि तो ६४ ची नेमकी पट आहे, म्हणजे ६४ × ६७१०८८६४. तेव्हा बाकी १ येणारच. संख्या मूळ असती तरी १, संयुक्त असली तरी १. आपल्या दुसऱ्या तपासणीने संख्येविषयी नवी माहिती अजिबात दिली नाही; तिने फक्त एवढेच सांगितले की संख्या २^३२ + १ या रूपाची आहे, आणि ते तर आधीच ठाऊक होते. हीच गोष्ट प्रत्येक फर्मा संख्येला लागू पडते. त्याहून कडक अशी मिलर–राबिन तपासणी पाया २ घेऊन केली तरी ही संख्या उत्तीर्ण होते, कारण त्या तपासणीतही वर्ग करत जाताना −१ ही बाकी भेटली की संख्येला उत्तीर्ण मानतात, आणि येथे ती भेटण्याची सोय संख्येच्या घडणीतच आहे.

हा योगायोग किती विरळ आहे ते नेमके मोजता येते. आपल्या संख्येशी सहमूळ असलेल्या (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) आणि तिच्याहून लहान संख्या ६४० × ६७००४१६, म्हणजे ४२८८२६६२४० आहेत. त्यांपैकी पाया म्हणून घेतल्यास फर्मा तपासणीत बाकी १ देणाऱ्या संख्या किती? ६४० आणि २^३२ यांचा मसावि १२८ आहे, ६७००४१६ आणि २^३२ यांचाही मसावि १२८ आहे, म्हणून अशा पायांची संख्या १२८ × १२८ = १६३८४ एवढी येते. भागाकार केला तर नेमके २६१७३५ येतात. म्हणजे सहमूळ पायांपैकी सरासरी २६१७३५ मागे एकच पाया ही संख्या मूळ असल्याचा आभास निर्माण करतो. स्वैरपणे पाया निवडला असता तर फसगत होण्याची शक्यता नगण्य होती. २ हा पाया सोपा म्हणून सगळेजण निवडतात, आणि नेमका तोच त्या मोजक्या फसव्या पायांत मोडतो.

म्हणून या रूपाच्या संख्यांसाठी पाया ३ घ्यावा. पेपँ यांनी १८७७ मध्ये दिलेली कसोटी अशी आहे: ३ पेक्षा मोठी असलेली फर्मा संख्या मूळ असेल तरच आणि तरच, ३ चा घात त्या संख्येतून १ वजा करून निम्मा केलेल्या घातांकापर्यंत नेल्यास बाकी −१ येते. येथे 'तरच आणि तरच' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ही कसोटी संयुक्तपणा जसा सिद्ध करते तसेच मूळपणही सिद्ध करते. आपल्या संख्येसाठी घातांक २^३१ आहे, तेव्हा ३ पासून सुरुवात करून ३१ वेळा वर्ग करायचा आणि दर वेळी बाकी तेवढी ठेवायची. ९, ८१, ६५६१, ४३०४६७२१ आणि मग ३७९३२०१४५८ अशा बाक्या येत जातात, आणि शेवटी १०३२४३०३ येते. ती −१ नाही, म्हणजे ४२९४९६७२९६ नाही, म्हणून संख्या संयुक्त आहे. आणखी एकदा वर्ग केला तर आपल्याच तपासणीचे पाया ३ घेतलेले उत्तर मिळते: बाकी ३०२९०२६१६०, जी १ नव्हे. विभाजक एकही न सापडता संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध होते, ही बाब प्रथम ऐकताना अनेकांना पटत नाही; परंतु मोठ्या संख्यांच्या अभ्यासात 'संयुक्त आहे का' आणि 'अवयव कोणते' हे दोन अगदी निराळ्या काठिण्याचे प्रश्न आहेत.

हे गणित आपण स्वतः संगणकावर करणार असाल तर एक सावधगिरी बाळगावी. ही संख्या ३२ बिटांत मावत नाही. तिला ३३ बिट लागतात, आणि ३२ बिटांच्या चिन्हरहित जागेत ती साठवली तर तेथे निव्वळ १ उरतो. ६४ बिटांची चिन्हासहित जागा घेतली तरी वरच्या क्रमातील ३७९३२०१४५८ या पाचव्याच बाकीचा वर्ग तिच्यात मावत नाही आणि पुढची सगळी उत्तरे चुकतात, तीही कोणतीही सूचना न देता. मोठ्या पूर्णांकांची सोय असलेली संगणकभाषा किंवा तिची तयार आज्ञावली (लायब्ररी) वापरावी, आणि चौथ्या, पाचव्या पायरीपर्यंतच्या बाक्या वरच्या आकड्यांशी ताडून पाहाव्यात.

अवयव काढण्याच्या पद्धतींबाबतही पायाचा हाच धडा पुन्हा भेटतो. १९७४ मध्ये जॉन पोलार्ड यांनी सुचवलेली एक पद्धत, ज्या मूळ विभाजकातून १ वजा केल्यावर केवळ लहान अवयव उरतात, तो विभाजक लवकर पकडते. ६४० = १२८ × ५ असल्यामुळे ६४१ हा त्या पद्धतीसाठी आदर्श विभाजक आहे: ३ चा ६४० वा घात घेऊन त्यातून १ वजा करावा आणि आपल्या संख्येबरोबर मसावि काढावा, ६४१ हाती येतो. तेच गणित पाया २ घेऊन केले तर मसावि म्हणून सबंध संख्याच परत मिळते, कारण दोन्ही अवयवांसाठी २ चे चक्र ६४ लांबीचे आहे आणि ६४० ही ६४ ची पट आहे. फर्मा यांची स्वतःची, वर्गांच्या फरकाने अवयव काढण्याची पद्धत येथे फारच मंद ठरते. दोन अवयव एकमेकांपासून इतके दूर आहेत की वर्गमूळापासून निघाल्यास बत्तीस लाखांहून अधिक पायऱ्या चालून जावे लागते.

गुणधर्मांपैकी मला सर्वांत सुंदर वाटतो तो दोन वर्गांच्या बेरजेचा. संख्येच्या रूपावरूनच ६५५३६² + १² ही मांडणी दिसते. ४ ने भागल्यास १ बाकी उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच तऱ्हेने लिहिता येते. तेव्हा दुसरी मांडणी सापडली तर संख्या संयुक्त ठरते, आणि ऑयलर यांनी दाखवल्याप्रमाणे त्या दोन मांडण्यांतून अवयवही काढता येतात. आपल्या संख्येची दुसरी मांडणी ६२२६४² + २०४४९² ही आहे. दोन्ही समान मानून बाजू बदलल्या की ६५५३६² − ६२२६४² = २०४४९² − १² असे होते, आणि दोन्हीकडे अवयव पाडले की ३२७२ × १२७८०० = २०४४८ × २०४५० मिळते. आता ३२७२ आणि २०४४८ यांचा मसावि ८ आहे: ३२७२ = ८ × ४०९ आणि २०४४८ = ८ × २५५६. उरलेले दोन्ही आकडेही याच ४०९ आणि २५५६ च्या पटीत आहेत: १२७८०० = ५० × २५५६ आणि २०४५० = ५० × ४०९. आता ८ आणि ५० यांची निमपट, ४ आणि २५, घेऊन वर्गांची बेरीज केली की १६ + ६२५ = ६४१ येते, आणि ४०९² + २५५६² केले की ६७००४१७. दोन्ही अवयव असे एकदम समोर येतात. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे, असा माझा आग्रह आहे. जाता जाता एक गोष्ट नोंदवतो: २०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे, त्यामुळे दुसरी मांडणी एक वर्ग आणि एक चौथा घात यांची बेरीजही ठरते.

शेजारच्या संख्यांचा उल्लेख मी सुरुवातीला केला होता, त्याचे फळ येथे मिळते. आपल्या संख्येतून २ वजा केले तर २^३२ − १ उरते, आणि वर्गांच्या फरकाचे सूत्र पुन्हा पुन्हा लावले की ती ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ अशी उलगडते. म्हणजे आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार आपल्या संख्येहून नेमका २ ने कमी आहे. त्यामुळे या पाचांपैकी कोणत्याही संख्येने भागल्यास बाकी २ उरते, आणि २५७ हा उमेदवार वर बाद झाला तो याच कारणाने. कोणत्याही दोन फर्मा संख्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नसतो, हेही यावरूनच निघते.

भूमितीत या शेजाराचा परिणाम फार ठळकपणे दिसतो. गाउस यांनी १७९६ मध्ये सतरा बाजूंचा सुसम बहुभुज केवळ कंपास आणि खुणा नसलेली पट्टी यांनी काढता येतो हे शोधले. पुढे १८३७ मध्ये वांत्सेल यांनी उलट बाजू पूर्ण केल्यानंतर नियम असा ठरला की बाजूंची संख्या २ चा घात, किंवा परस्परांहून भिन्न अशा फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार, किंवा या दोहोंचा गुणाकार असेल तरच अशी रचना शक्य आहे. आता ४२९४९६७२९५ बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो, कारण ती पाच फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार आहे; विषम बाजूंच्या ज्या ३१ बहुभुजांची अशी रचना आज ज्ञात आहे, त्यांतला तो सर्वांत मोठा. ४२९४९६७२९६ बाजूंचाही काढता येतो, कारण तो २ चा घात आहे. ४२९४९६७२९७ बाजूंचा मात्र काढता येत नाही, कारण ६४१ आणि ६७००४१७ या फर्मा संख्या नाहीत. एका बाजूच्या फरकाने शक्य ते अशक्य होते. ही संख्या मूळ निघाली असती तर तीही रचना शक्य ठरली असती.

विभाजकांवर आधारित नेहमीचे गुणधर्म अवयव मिळाल्यावर लगेच काढता येतात. विभाजक चारच आहेत: १, ६४१, ६७००४१७ आणि संख्या स्वतः. स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज ६७०१०५९ भरते. ती आपल्या संख्येच्या मानाने अगदी लहान असल्यामुळे ही न्यून संख्या आहे. तिला कोणत्याही मूळ संख्येच्या वर्गाने भाग जात नाही.

अंकांवर आधारित गुणधर्मांना मी सहसा कमी महत्त्व देतो, कारण ते संख्येपेक्षा आपण निवडलेल्या दशमान पद्धतीविषयी अधिक सांगतात. अंकांची बेरीज ५९ आहे, म्हणून ९ ने भागल्यास बाकी ५ उरते. एककस्थानी ७ आहे, आणि १७ पासून पुढच्या सर्व फर्मा संख्यांच्या एककस्थानी ७ च असतो, कारण त्या सर्वांत १ मिळवण्याआधीचा २ चा घात ६ ने संपतो. तरीही दशमान पद्धतीशी निगडित एक गोष्ट अशी आहे की जिच्यात खोलवरची घडण डोकावते. १ ला ६४१ ने भागल्यास येणारा आवर्ती दशांश अपूर्णांक ३२ अंकांनंतर पुन्हा सुरू होतो. त्या ३२ अंकांचा पहिला अर्धा भाग ००१५६००६२४०२४९६० आणि दुसरा ९९८४३९९३७५९७५०३९ आहे. एकाखाली एक मांडून बेरीज केली की सोळा वेळा ९ मिळतो. याचे मूळ त्याच ५ × २^७ च्या नात्यात आहे. ६४१ च्या संदर्भात ५ ही −१ भागिले २^७ अशी वागते, म्हणून १० ही −१ भागिले २^६ अशी. −१ च्या जागी २^३२ ठेवले की १० आणि २^२६ समशेष ठरतात, आणि १०^१६ ची बाकी −१ येते. ज्या नात्याने ६४१ हा विभाजक ठरवला, तेच नाते त्याच्या दशांश अपूर्णांकाची लांबीही ठरवते.

फर्मा यांचे मत फक्त याच संख्येपाशी चुकले असे नाही. पाचव्या क्रमांकापासून बत्तिसाव्या क्रमांकापर्यंतच्या सर्व फर्मा संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे, आणि ६५५३७ नंतरची एकही फर्मा मूळ संख्या अद्याप सापडलेली नाही. तेहेतिसाव्या क्रमांकाच्या संख्येत अडीच अब्जांहून अधिक अंक आहेत आणि ती मूळ की संयुक्त हे आजही अनिर्णित आहे. विसाव्या आणि चोविसाव्या क्रमांकाच्या संख्या संयुक्त आहेत हे सिद्ध झाले आहे, तरी त्यांचा एकही अवयव ज्ञात नाही. वर सांगितलेल्या दोन निराळ्या प्रश्नांमधले अंतर येथे प्रत्यक्ष दिसते.

या पद्धतीचा सराव करायचा असेल तर यापुढची फर्मा संख्या, २^६४ + १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७ घ्यावी. पाया २ तेथेही निरुपयोगी आहे, म्हणून प्रथम पाया ३ घेऊन पेपँ यांची कसोटी लावावी. नंतर विभाजक २५६ च्या पटीहून १ ने अधिक असलेल्या संख्यांमध्येच शोधावेत. २७४१७७ या विभाजकापर्यंत पोहोचण्यास बावीस हजारांहून अधिक मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. या अटीमुळे १०७१ उमेदवार पुरतात, आणि त्यांपैकी बहुतेक लहान अवयवांमुळे पाहता क्षणीच गळून पडतात. उरणारा ६७२८०४२१३१०७२१ हा अवयवही मूळ आहे. हे दोन अवयव १८८० मध्ये लांद्री यांनी स्वतंत्रपणे शोधले, तेव्हा त्यांच्यापाशी आकडेमोडीसाठी केवळ लेखणी आणि कागद होता.